लहान खोली, मोठे घर

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली की नववीच्या वर्गास ‘माझे घर’ या विषयावर निबंध लिहावयास सांगण्याचा आमचा प्रघात आहे. आणि दरवर्षी साठ वह्यांत आम्हांस एकच घर वाचावयास मिळते. त्या घरापुढे बाग असते, बागेत गुलाब व मोगरा फुललेला असतो, अंगणात तुळशीवृंदावन असते, आणि लेखकाची स्वतंत्र अभ्यासिका असून तिच्या खिडकीतून निळे डोंगर दिसत असतात. लिंबायतमधून डोंगर दिसत नाहीत. दिसतात त्या शेजारच्या गच्चीवरील पाण्याच्या टाक्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि लूमच्या कारखान्यांची पत्र्याची छपरे. हे डोंगर आणि ही बाग बाजारात मिळणाऱ्या निबंधमालेतून आलेली आहे, हे आम्हांस ठाऊक असते. आणि ते आम्हांस ठाऊक आहे, हे मुलांनाही ठाऊक असते. तरीही हा खेळ दोन्ही बाजूंनी निमूटपणे चालू राहतो.

वस्तुतः या साठ घरांपैकी कित्येकांचे उंबरठे आम्ही ओलांडलेले आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून कापडाच्या धंद्यामागे सुरतेस आलेल्या कुटुंबांची ही घरे. बहुधा खोली एकच. दहा फूट लांब, दहा फूट रुंद. एका भिंतीशी स्वयंपाकाचा ओटा, एका कोपऱ्यात मोरी, आणि तेवढ्यात पाच-सहा माणसांचा संसार. घर लहान असणे हा काही अपराध नव्हे. मग ते निबंधात का येत नाही? लाज वाटते म्हणून येत नाही. ज्या जागेत मूल वाढले, जेथे त्याला पहिले अक्षर गिरवावयास मिळाले, ती जागा कागदावर उतरविण्यास योग्य नाही, असे त्यास वाटते. ही गोष्ट आम्हांस खोलीच्या लहानपणापेक्षा अधिक गंभीर वाटते.

या लाजेस आम्हीही हातभार लावला आहे, याची जाणीव आम्हांस एका प्रसंगाने झाली. एका विद्यार्थिनीच्या वहीवर वरचेवर तेलाचे डाग असत. एके दिवशी ती वही वर्गात उंच धरून आम्ही स्वच्छतेवर चार शब्द सुनावले. मुलगी खाली मान घालून उभी राहिली. बोलली काहीच नाही. पुढे काही कामानिमित्त संध्याकाळच्या वेळी तिच्या घरी जाण्याचा योग आला. दिव्याखालच्या जमिनीवर तिच्या आईने साड्यांचे गठ्ठे सोडले होते; मार्केटमधून आणलेल्या त्या साड्यांवर खडे चिकटवून दुसऱ्या दिवशी माल परत द्यावयाचा होता. खाटेवर आजी पडून होती. धाकटा भाऊ दारात पाढे म्हणत होता. आणि आमची विद्यार्थिनी स्वयंपाकाच्या ओट्याच्या टोकाशी उभी राहून, एका हाताने कढईतील भाजी परतीत, दुसऱ्या हाताने निबंध लिहीत होती. आम्हांस पाहताच तिने वही पदराआड करावी तशी पाठीमागे घेतली. आम्ही चहा घेतला आणि घरी आलो. परंतु तो चहा आमच्या घशाखाली सुखाने उतरला नाही.

तेव्हापासून लहान खोली मोठी कशी करावी, या प्रश्नाचा आम्ही विचार करू लागलो. गृहसजावटीची पुस्तके चाळली. भिंतींस फिका रंग द्यावा, आरसा लावावा, पडदे उंचावरून सोडावेत, इत्यादी उपदेश त्यांत आढळतो. तो खोटा नाही. त्याचे मर्म पुढे सांगणार आहोत. परंतु त्या पुस्तकांतील खोलीत बहुधा एकच माणूस राहतो, आणि तोही छायाचित्र काढण्यापुरता! आमच्या खोलीत सहाजण राहतात. म्हणून आमचे मत असे झाले आहे की, खोली मोठी करण्याची कला ही प्रथम वाटणीची कला आहे. ज्या खोलीत प्रत्येकास, आणि विशेषतः शिकणाऱ्या मुलास, आपली अशी ठरलेली जागा व ठरलेली वेळ असते, ती खोली मोठी. मग तिचे माप काहीही असो. रंग आणि आरसे हे त्या वाटणीचे मदतनीस होत. ते तिची जागा घेऊ शकत नाहीत.

प्रथम गणित करू. दहा गुणिले दहा म्हणजे १०० चौरस फूट. खाट सहा बाय तीन, म्हणजे १८. लोखंडी कपाट तीन बाय दीड, म्हणजे साडेचार. शिलाईचे यंत्र तितकेच. फ्रीज दोन बाय दोन, म्हणजे ४. ओटा पाच बाय दोन, म्हणजे १०. आणि मोरी तीन बाय तीन, म्हणजे ९. बेरीज बरोबर ५० चौरस फूट होते. अर्धी खोली वस्तूंनी घेतली, अर्धी माणसांसाठी उरली. निजलेल्या माणसास सहा बाय दोन, म्हणजे १२ चौरस फूट जागा लागते. आजी व धाकटा भाऊ खाटेवर निजले आणि चौघे जमिनीवर, तर ४८ चौरस फूट भरले. शिल्लक राहिले दोन. रात्री पाणी पिण्यास उठणाऱ्याने पाय कोठे ठेवावा, हे आता वाचकांनीच सांगावे.

हा हिशेब मांडल्याने एक गोष्ट लक्षात येते. आपण खोली जमिनीवर मोजतो. पण खोलीस उंचीही असते. छत दहा फुटांवर असेल तर खोलीत १,००० घनफूट जागा आहे. सात फुटांच्या वर माणसाचा हात क्वचित जातो, म्हणजे वरचे ३०० घनफूट आपण कोळ्यांस राहावयास दिलेले असतात. दारावरच्या भिंतीलगत सात फुटांवर तीन फूट रुंदीचा पोटमाळा काढला, तर ३० चौरस फुटांची फळी मिळते. वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या वस्तू, म्हणजे सणाची भांडी, जादा गोधड्या, गावी नेण्याच्या पेट्या, सर्व तेथे चढते. लिंबायतमध्ये तर पोटमाळ्याचा आणखी एक उपयोग आहे. पावसाळ्यात मिठी खाडीस पूर आला म्हणजे सखल भागातील घरांत पाणी शिरते. अशा वेळी शाळेचे दाखले, शिधापत्रिका आणि पुस्तके उंचावर असलेलीच बरी. मात्र पोटमाळा खिडकी व पंखा यांच्या आड येऊ नये, आणि वर पत्रा असेल तर उन्हाळ्यात कोणा मुलास तेथे निजवू नये. कारण तापलेल्या हवेचे मुक्कामाचे ठिकाण तेच असते.

खाटेविषयीही असेच. ‘खाट काढून टाका, १८ फूट मोकळे होतील,’ असे कोणी सुचवील. ज्यांच्या घरी गुडघे दुखणारी आजी नाही, त्यांनी खुशाल काढावी. आम्ही म्हणतो, खाट राहू द्या, पण ती पक्क्या ठोकळ्यांवर न डगमगेल अशी थोडी उचलून घ्या, आणि तिच्याखाली पत्र्याच्या पेट्या सरळ ओळीत लावा. तेच १८ फूट दुसऱ्यांदा उपयोगी पडतात. आजीस उठबस करणेही सोपे जाते. घर मोठे करावयाचे ते घरातील माणूस कमी करून नव्हे.

आता प्रकाशाकडे वळू. खोली लहान वाटते, याचे निम्मे कारण ती अंधारी असते. आपला डोळा जागेचे माप कोपऱ्यांवरून घेतो. कोपरे दिसेनासे झाले की खोली आखडते. चुन्याची पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार-पंचमांश परत खोलीत पाठवते. गडद निळा किंवा हिरवा तैलरंग बराचसा गिळून टाकतो. डाग दिसू नयेत म्हणून गडद रंग देण्याची आपल्याकडे हौस आहे. डाग दिसत नाहीत हे खरे, पण मग पुस्तकही दिसत नाही. निदान छत व खिडकीसमोरची भिंत तरी पांढरी असावी. खिडकीचा वरचा भाग कधीही झाकू नये, कारण खोलीच्या आतल्या टोकापर्यंत पोहोचणारा उजेड तेथूनच येतो. आम्ही पाहिलेल्या कित्येक घरांत खिडकी आहे, परंतु तिच्यापुढे पेट्यांची उतरंड रचलेली आहे. एकेका घरी पेट्या बाजूस सरताच घरातील माणसे एकमेकांकडे नव्याने पाहू लागलेली आम्ही पाहिली आहेत. हवेची गोष्ट तशीच. १९९४ च्या सप्टेंबरात या शहराने प्लेगच्या साथीचे दिवस पाहिले आहेत. कोंदट हवेत दाटीने राहण्यातील धोका सुरतकरांस वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही.

आरशाविषयी विज्ञानाच्या पुस्तकात जे शिकवले जाते, तेच खरे. सपाट आरशासमोरची वस्तू जितकी पुढे, तितकीच तिची प्रतिमा मागे दिसते. म्हणून खिडकीसमोर आरसा टांगला तर घरास दुसरी खिडकी मिळाल्यासारखे होते. परंतु आरसा निःपक्षपाती असतो. त्याच्यासमोर कपड्यांचा ढीग असेल, तर तो ढीगही दुप्पट होतो! तात्पर्य, आधी आवरावे, मग आरसा लावावा.

लहान खोलीची ही विद्या मोठमोठ्या माणसांनीही आस्थेने अभ्यासिली आहे. चंडीगड शहराचा आराखडा करणारे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९५२ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी खोली उभारली. तिचे माप ३६६ बाय ३६६ सेंटिमीटर, म्हणजे अवघे बारा फूट बाय बारा फूट; उंची २२६ सेंटिमीटर. खाट, मेज, हात धुण्याचे पात्र आणि कपाट, सारे आगबोटीतील खोलीप्रमाणे जागच्या जागी बसविलेले. खिडकीच्या झडपांस आतून आरसे लावून त्यांनी बाहेरचा समुद्र घरात आणला. ही खोली आणि चंडीगडची विधानभवनादी वास्तू या दोहोंस २०१६ साली एकत्रच जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या देशातील उदाहरण त्याहूनही जवळचे. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास गेले, तेव्हा आपल्या निवासासाठी ५०० रुपयांहून अधिक खर्च होऊ नये अशी त्यांची अट होती. माती, बांबू, कौले या आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून ते घर झाले. बसणे-उठणे जमिनीवर, सामान मोजके. त्यामुळे आत गेलेल्या माणसास दाटी जाणवत नाही.

ही दोन्ही उदाहरणे आदरणीय आहेत. पण ती सांगताना आम्ही अर्धेच सांगून थांबलो तर ती वाचकांची फसवणूक होईल. कॉर्बुझिए यांच्या खोलीत स्वयंपाकघर नव्हते. लागूनच एक खानावळ होती आणि ते जेवण तेथे घेत. दाराबाहेर समुद्र होता, आणि त्या खोलीत ते मुख्यतः सुटीचे दिवस घालवीत. सेवाग्रामच्या कुटीभोवती मोकळे रान होते. शिवाय या दोघांनीही लहान खोली निवडली होती. ज्याने लहान खोली निवडली आणि ज्याच्या वाट्यास ती आली, या दोघांत मोठे अंतर आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या आईस शेजारी खानावळ नाही, आणि साड्यांचा माल ती सुटीत मोजीत नाही. म्हणून आम्ही वाटणीच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो.

आमची मायबोली कोंकणी. आमच्या भाषेत खोलीस ‘कूड’ म्हणतात, आणि तोच शब्द शरीरासही लावतात. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकापासून आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ चालविल्या. बोटीवर नोकरी शोधणारे खलाशी, आचारी, वादक तेथे उतरत. एकेका दालनात पुष्कळ माणसे. पण प्रत्येकाची पेटी भिंतीलगत ठरलेल्या जागी, आणि मधली जमीन सर्वांची. संध्याकाळी वेदीसमोर सर्वांनी मिळून प्रार्थना म्हणावयाची आणि रात्री त्याच जमिनीवर अंथरुणे पसरावयाची. दिवसा तेथे येणाऱ्यास दालन रिकामे वाटे. पेटीएवढी का होईना, जागा आपली आहे आणि ती दुसरा कोणी घेणार नाही, या खात्रीमुळे माणसे दाटीतही माणसांसारखी राहत. आमच्या पोरवयात हे वर्णन वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकताना आम्हांस त्याचे महत्त्व कळले नव्हते. लिंबायतमध्ये आल्यावर कळले.

कूडीची ही रीत आपल्या दहा बाय दहामध्येही लागू पडते. जागेची वाटणी करावयाची तशी वेळेचीही करावयाची. लूमवरची पाळी बारा तासांची असते. वडील रात्रपाळीहून येऊन सकाळी निजतात, तेव्हा मुलांनी श्वासही हळू घ्यावा अशी स्थिती असते. अशा घरात ‘अभ्यास कर’ असे नुसते सांगणे व्यर्थ आहे. ‘संध्याकाळी सात ते साडेआठ खिडकीजवळची ही फळी तुझी, त्या वेळात तेथे साड्या येणार नाहीत, दूरदर्शन संच लागणार नाही, आणि तुला कोणी भाजी परतावयास उठविणार नाही,’ असे सांगणे म्हणजे मुलास खरोखरीची खोली बांधून देणे होय. त्यासाठी वीट-सिमेंट लागत नाही. दोन फूट बाय दीड फूट मापाची फळी भिंतीस बिजागऱ्यांनी जोडावी; खालून आधाराची पट्टी, वर एक दिवा. अभ्यास संपला की फळी भिंतीस लागते आणि जमीन पुन्हा सर्वांची होते. तीन चौरस फुटांची ही जागा शंभरातून उसनी घ्यावयाची, तीही दीड तासापुरती.

येथे मुलींविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. घरात फळी एकच असेल तर ती बहुधा मुलाच्या वाट्यास जाते आणि मुलीच्या वाट्यास ओट्याचे टोक येते. शिवाय वाढत्या मुलीस कपडे बदलण्यासही आडोसा नसतो. ती मोरीत किंवा शेजारणीकडे जाते. एका तारेवर सरकणारा जाड पडदा हा यावर साधा उपाय आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९६१-६२ साली गुजरात गृहनिर्माण मंडळासाठी अहमदाबादेस स्वस्त घराचा एक नमुना बांधला होता. जुन्या पोळांतील अरुंद, लांब घरांसारखेच ते घर होते. त्यात आतून दारे जवळजवळ नव्हती. जमिनीच्या चढउतारांनी व वरच्या निजण्याच्या माळ्याने प्रत्येकास आडोसा मिळे, आणि तापलेली हवा छताच्या माथ्यावरील फटीतून निघून जाई. ते नमुन्याचे घर पुढे पाडले गेले. परंतु त्यातील धडा जिवंत आहे. भिंत न बांधताही आडोसा देता येतो. देण्याची बुद्धी मात्र असावी लागते.

खोलीचे आणखी एक अंग दाराबाहेर असते. गोव्यातील घरापुढे दोहों बाजूंस बसण्याचे ‘सोपे’ असतात; खानदेशात ओसरी असते; गुजरातेत ओटलो असतो. तिन्हींचा हेतू एकच, की घर उंबरठ्यापाशी संपू नये. लिंबायतच्या गल्लीत प्रत्येकास ओटा नाही. परंतु चार घरांनी मिळून ठरविले, तर संध्याकाळचा तास-दीड तास एका घराचा दारापुढचा भाग मुलांच्या वाचनासाठी राखता येतो. तेथे मोटारसायकली उभ्या करू नयेत व मोबाइलवर मोठ्याने गाणी लावू नयेत, एवढेच पथ्य पाळावयाचे. परीक्षेच्या दिवसांत शाळेचे वर्ग संध्याकाळी उघडे ठेवण्याविषयी आम्ही शिक्षकांनीही विचार करावयास हवा. चार खोल्यांच्या दाटीपेक्षा एका मोकळ्या वर्गातला दिवा स्वस्त पडेल.

आता एक आक्षेप. कोणी म्हणेल, ‘तुम्ही लोकांस लहान खोलीत समाधान मानावयास शिकवीत आहात.’ तसे मुळीच नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे घरात एकच राहती खोली असेल, तर ती ९.५ चौरस मीटरांहून, म्हणजे सुमारे १०२ चौरस फुटांहून, लहान असू नये. ओटा आणि मोरी यांची जागा त्यात धरलेली नाही. उष्ण हवामानात जमिनीच्या एक-दशांश ते एक-षष्ठांश क्षेत्राइतकी खिडकी-झरोक्यांची उघडीप असावी, असेही ती सांगते. म्हणजे आपल्या शंभर फुटांस दहा ते सतरा चौरस फूट! या मापाने आपली पुष्कळशी घरे कमी भरतात. आणि ही उणीव पडद्यांनी झाकावयाची नसून बोलून दाखवावयाची आहे. मुंबईच्या वरळी, नायगाव, शिवडी या भागांत १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोल्या १६० चौरस फुटांच्या होत्या. तेथील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या नेटक्या राखल्या, पोटमाळे काढले, मुले शिकविली. पण म्हणून मोठ्या घराची मागणी सोडली नाही. त्यांपैकी वरळी व नायगाव येथे आता ५०० चौरस फुटांची घरे देण्याची योजना राबविली जात आहे. नीटनेटकेपणा आणि हक्क ही एकमेकांची सवत नव्हेत. उलट ज्या मुलास आपली खोली फुटांत मोजता येते, तोच उद्या ‘हे माप अपुरे आहे’ असे अर्जात लिहू शकतो.

याच विचाराने यंदा आम्ही निबंधाचा जुना प्रघात मोडला. नववीच्या वर्गास आलेखाचा कागद दिला आणि सांगितले, ‘घर फूटपट्टीने मोजा, एक चौकट म्हणजे एक फूट, खाट, कपाट, ओटा, मोरी सर्व दाखवा, आणि तुम्ही अभ्यास कोठे करता तेथे फुली मारा.’ पहिल्या दिवशी वर्गात कुजबूज झाली. कोणी मापे वाढवून आणली; त्यांना आम्ही रागावलो नाही, फक्त पुन्हा मोजावयास सांगितले. मग खरे नकाशे येऊ लागले. एकाची फुली जिन्याच्या पायरीवर होती. एकीची ओट्याच्या टोकाशी. एका मुलाने दारामागे फुली मारली होती व खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘दार लावलेले असेल तेव्हाच.’ कित्येक नकाशांत फुली कोठेच नव्हती. असे नकाशे आम्ही वर्गात उंच धरले नाहीत. ते घेऊन पालकांच्या भेटीस गेलो.

ज्या मुलीच्या वहीवर तेलाचे डाग होते, तिच्या वडिलांनी एका रविवारी खिडकीपुढच्या पेट्या खाटेखाली सरकवून तेथे फळी बसविली. कडी थोडी तिरपी बसली आहे. फळी मिटताना एक हात वर धरावा लागतो. आई आता साड्यांचे गठ्ठे साडेआठनंतर सोडते; त्यामुळे तिचे निजणे तासभर लांबले आहे. खोली मोठी झाली ती फुकट झाली नाही. तिची किंमत आईने झोपेत मोजली. हे त्या मुलीनेच आम्हांस सांगितले, आणि ते सांगताना तिने मान खाली घातली नव्हती.

पालकांस आमची विनंती एवढीच आहे. येत्या सुट्टीत एक दिवस मुलांना हाताशी घेऊन खोली मोजा. जे वर चढेल ते वर चढवा, खिडकी मोकळी करा, एक भिंत पांढरी करा. त्यानंतर मुलास विचारा, ‘तुझी जागा कोणती?’ त्याने बोट दाखविले तर उत्तम. ते गोंधळून इकडेतिकडे पाहू लागले, तर रंग व आरसा राहू द्या बाजूस. प्रथम फळी बसवा. आणि मुलगा-मुलगी दोन्ही शिकत असतील, तर तिच्यावर कोणी कोणत्या वेळी बसावयाचे, हे त्याच दिवशी दोघांच्या समक्ष ठरवून भिंतीवर लिहून ठेवा.